लाईट आल्यावर मशीन आपोआप उठलं पाहिजे : सिस्टम-डीच्या वादाबद्दल

लिनक्सचं मशीन चालू होताना बाकी सगळे प्रोग्राम उठवणारा पहिला प्रोग्राम म्हणजे इनिट, आणि सिस्टम-डी हा त्यातलाच एक नवा. बूट (मशीन उठणं) किती सेकंदात होतं यावरून सिस्टम-डीचं भांडण जेवढं गाजलं तेवढं गाजायला नको होतं असं माझं स्पष्ट मत आहे. २०१० पासून हा वाद चालूच आहे, अजूनही दोन लिनक्सवाले एकत्र बसवा आणि इनिटचा विषय काढा, अर्ध्या तासात आवाज चढतो. एकजण म्हणतो माझा लॅपटॉप आठ सेकंदात उठतो, दुसरा म्हणतो सर्व्हर वर्षातून एकदा रीबूट होतो त्याला काय करायचंय आठ सेकंदाचं.

माझं काम जळगाव, धरणगाव, चोपडा या पट्ट्यात. जिनिंगचे वजनकाटे, डाळमिलचं बिलिंग, कॉलेजच्या लॅब, असली मशीनं सांभाळतो, बहुतेकांवर डेबियन, काही छोट्या डब्यांवर अल्पाइन (दोन्ही लिनक्सच्या डिस्ट्रो, म्हणजे तयार जुळणी करून मिळणारे प्रकार). आमच्याकडे मशीन वर्षातून एकदा रीबूट होत नाही भाऊ, पारा ४५ च्या पुढे गेला की ट्रिपिंग चालू होतं, लाईट जाते येते जाते येते, यूपीएसची बॅटरी त्या उकाड्यात किती टिकणार, आणि मग मशीन दिवसातून कितीदा तरी धाडकन बंद पडतं आणि परत चालू होतं. इथे बसून या वादाकडे बघितलं की मला दोनच प्रश्न महत्त्वाचे वाटतात. लाईट आल्यावर, जवळ कोणी जाणकार नसताना, मशीन आपलं आपण पूर्ण कामाला लागतं का? आणि नाही लागलं तर का नाही लागलं ते नंतर सांगतं का?

ज्यांना मुळात वाद कशाचा ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लोड झाला की तो एकच प्रोग्राम स्वतः चालू करतो, त्याचा नंबर १, म्हणून पीआयडी १ (पीआयडी म्हणजे चालू प्रोग्रामचा, प्रोसेसचा, नंबर). बाकी सगळं त्या एकाच्या खाली चालू होतं. ज्या प्रोसेसचा आईबाप मेला ती पण शेवटी साधारण त्याच्याच पदरात येते, आणि हा १ नंबर स्वतः मेला तर कर्नल पॅनिक, मशीन खलास. त्यामुळे त्या जागेवर कोण बसतो याला महत्त्व आहे, लोक उगाच नाही भांडत.

जुन्या काळी तिथे सिस्टम-फाइव्ह इनिट बसायचं. इनिटटॅब फाइल वाचायची, रनलेव्हल (मशीन कोणत्या अवस्थेत उठवायचं तो आकडा) ठरवायची, मग त्या रनलेव्हलच्या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट नंबराप्रमाणे एकामागून एक चालवायच्या, एस वाल्या चालू करायला, के वाल्या बंद करायला. सगळं साध्या शेलमध्ये. मला ती पद्धत मनापासून आवडायची, कारण कोणत्याही पोराला सांगता यायचं की इनिट-डी फोल्डर उघड आणि वाच, तुझं मशीन कसं उठतं ते सगळं इथे लिहिलेलं आहे. पण त्या पद्धतीत एक मोठं भोक होतं. इनिट स्क्रिप्ट चालवायचं आणि पुढे निघून जायचं, चालू झालेला प्रोग्राम जिवंत आहे की मेला याचा त्याला पत्ताच नसायचा. इनिटटॅबमध्ये रीस्पॉन लिहिलेल्या गोष्टी तेवढ्या तो परत उठवायचा, आणि तिथे साधारण फक्त गेटी, म्हणजे लॉगिन विचारणारे प्रोग्राम, असायचे. बाकी सर्व्हिसेस (मागे सतत चालणारे प्रोग्राम) स्वतःला दोनदा फोर्क करून, म्हणजे स्वतःची प्रत काढून, मागे जायच्या, आपला नंबर एका पीआयडी फाइलमध्ये लिहून ठेवायच्या, आणि स्क्रिप्ट त्या फाइलवर विश्वास ठेवायची. आता लाईट गेली. प्रोग्रामला फाइल पुसायला वेळच मिळाला नाही. आमच्याकडच्या बऱ्याच लोकल सॉफ्टवेअरवाल्यांनी ती फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवलेली असायची, म्हणजे बूटच्या वेळी कोणी ती साफ पण करणार नाही. लाईट आली, स्क्रिप्टने फाइल बघितली, तो नंबर नेमका दुसऱ्याच प्रोसेसला मिळालेला, स्क्रिप्ट म्हणते ऑलरेडी रनिंग, आणि काट्यावर ट्रॅक्टरची लाइन. फोन येतो, "भाऊ, लाईट उनी पन काटा चालू व्हई नही राह्यना."

हे दुखणं फक्त आमचं नव्हतं. सोलारिस या युनिक्सने २००५ मध्ये इनिटच्या जागी एसएमएफ आणलं, त्याच वर्षी ॲपलने मॅकच्या टायगर आवृत्तीत लाँच-डी आणलं, उबंटू या डिस्ट्रोने २००६ मध्ये अपस्टार्ट. म्हणजे जुनं इनिट बदललं पाहिजे हे सगळ्यांना पटलेलं होतं. मग एप्रिल २०१० मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीतल्या लेनार्ट पोएटरिंगने पीआयडी १ चा नव्याने विचार करायला हवा असा लांबलचक लेख लिहिला, त्याने आणि के सीवर्सने मिळून सिस्टम-डी उभं केलं, त्यातल्या सॉकेटवाल्या कल्पनेचं (सर्व्हिसची जोडणीची जागा, म्हणजे सॉकेट, आधीच उघडून ठेवायची) श्रेय त्याने उघडपणे लाँच-डीला दिलं. २०११ ला फेडोरा १५ या डिस्ट्रोत ते डिफॉल्ट झालं, आर्च डिस्ट्रोने २०१२ मध्ये घेतलं, रेड हॅटच्या आरएचईएल ७ मध्ये २०१४ ला आलं.

त्यात खरी दमदार गोष्ट माझ्या मते सीग्रुपची. कर्नलमध्ये सोय आहे की प्रोसेसना गटात टाकायचं, गटातली प्रोसेस कितीही फोर्क झाली तरी तिची पोरं त्याच गटात राहतात. सिस्टम-डी प्रत्येक सर्व्हिसला तिचा गट देतं. त्यामुळे पीआयडी फाइलचा जुगार बहुतेक संपला, कोणती प्रोसेस कोणाची हे कर्नलच सांगतो, सर्व्हिस बंद करा म्हटलं तर तिचं अख्खं खटलं बंद होतं, मागे एखादं पोर लटकत राहत नाही.

आता वजनकाट्याचंच सांगतो कारण हे मी रोज बघतो. काट्याचा इंडिकेटर सीरियल केबलने वजन पाठवतो, आजकालच्या मशीनला सीरियल पोर्ट नसतो म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लावायचा, तो लिनक्समध्ये टीटीवाय-यूएसबी-० म्हणून दिसतो. जुन्या सेटअपमध्ये काय करायचे तर बूटच्या शेवटी चालणाऱ्या आरसी-लोकल फाइलमध्ये स्लीप ३० (३० सेकंद थांब) लिहायचं आणि मग काट्याचा प्रोग्राम चालू करायचा, म्हणजे तोवर कन्व्हर्टर सापडलेला असेल या भरवशावर. कधी सापडायचा कधी नाही. शिवाय दिवसा कोणाचा पाय केबलला लागला आणि ती निघाली की प्रोग्राम मरायचा, केबल परत खोचली तरी प्रोग्राम मेलेलाच.

सिस्टम-डीमध्ये उपकरण पण एक युनिट (सिस्टम-डी सांभाळतं ती गोष्ट) असतं. यूडेव्हला, म्हणजे उपकरणं ओळखणाऱ्या प्रोग्रामला, टीटीवाय (सीरियल पोर्ट) दिसला की त्या नावाचं डिव्हाइस युनिट आपोआप तयार होतं. मग काट्याच्या सर्व्हिस फाइलमध्ये बाइंड्सटू (याच्यासोबतच राहा) आणि आफ्टर (याच्यानंतर चालू हो) या दोन ओळीत त्या डिव्हाइसचं नाव लिहायचं, आणि खाली इन्स्टॉल भागात वॉन्टेडबाय (कोणामुळे चालू व्हायचं) मध्ये पण नेहमीच्या मल्टी-यूजर टार्गेटच्या, म्हणजे बूटच्या टप्प्याच्या, ऐवजी तेच डिव्हाइस, आणि एकदा इनेबल करायचं. झालं. केबल निघाली की सर्व्हिस थांबते, केबल लागली की चालू होते, बूटला कन्व्हर्टर उशिरा सापडला तर सर्व्हिस तेवढी उशिरा चालू होते, स्लीप नाही, भरवसा नाही. पाच-सात ओळींची फाइल आहे आणि हमालापासून मेहताजीपर्यंत कोणीही केबल काढून परत लावू शकतो. ज्याने आयुष्यात एकदा तरी आरसी-लोकलमध्ये स्लीपचा आकडा वाढवत वाढवत नेलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

एक बारीक गोष्ट मात्र लिहून ठेवतो कारण बऱ्याच जणांच्या फाइलमध्ये हीच राहते. नुसतं रीस्टार्ट=ऑलवेज (मेली की परत चालू कर) लिहून भागत नाही. डिफॉल्टला सर्व्हिस मेल्यावर सिस्टम-डी फक्त १०० मिलिसेकंद थांबून परत चालू करतं, आणि १० सेकंदात ५ पेक्षा जास्त वेळा चालू करायला नकार देतं. म्हणजे लाईट आली, मशीन उठलं, पण राउटर आणि फायबरचा डबा अजून उठलेलाच नाही, प्रोग्राम सर्व्हरला जोडायला जातो, मरतो, एका सेकंदाच्या आत पाचही चान्स संपतात आणि सिस्टम-डी हात वर करतं. नंतर नेट आलं तरी ती सर्व्हिस फेल म्हणूनच पडून राहते. रीस्टार्टसेक=५ किंवा १० लिहा, म्हणजे तेवढे सेकंद थांबून परत चालू होईल, दहा सेकंदात मग पाच वेळा मरणं होतच नाही, प्रोग्राम आपला प्रयत्न करत राहतो.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल हा सिस्टम-डीचा भक्त आहे. सर्व्हिस सांभाळण्याच्या कामात हो, मी त्यांच्या बाजूने आहे आणि जुन्या स्क्रिप्टवर मी परत जाणार नाही. पण विरोध करणाऱ्यांना म्हातारे, बदलाला घाबरणारे म्हणून उडवून लावलं गेलं ते मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. त्यांचे काही मुद्दे आमच्यासारख्या ठिकाणी जास्तच लागू पडतात.

लॉगचंच घ्या. सिस्टम-डीचं जर्नल-डी लॉग (मशीनवर काय घडलं त्याची नोंद) बायनरी, म्हणजे साध्या एडिटरमध्ये वाचता न येणाऱ्या, फाइलमध्ये ठेवतं. शोधायला ते मस्त आहे, जर्नलसीटीएल मायनस बी मायनस वन मारलं की मागच्या बूटचा लॉग वेगळा समोर येतो, आणि लाईटवाल्या गावात याच्यासारखी कामाची कमांड नाही. पण त्यासाठी लॉग डिस्कवर असायला पाहिजे. व्हार-लॉग मध्ये जर्नल नावाचा फोल्डरच नसेल तर बऱ्याच आवृत्त्यांच्या डिफॉल्ट सेटिंगला तो रॅममध्ये राहतो, लाईट गेली की लॉग गेला. आणि फोल्डर असला तरी डिफॉल्टला डिस्कवर पक्कं लिहिण्याचं अंतर ५ मिनिटं आहे, क्रिटिकल आणि त्याच्या वरचे मेसेज तेवढे लगेच लिहिले जातात. म्हणजे लाईट जायच्या आधीची शेवटची मिनिटं, नेमकी जी आपल्याला बघायची असतात, ती जाऊ शकतात. वर परत उठल्यावर जर्नल म्हणतं फाइल नीट बंद झालेली नव्हती, बाजूला ठेवून नवीन चालू करतो. साधी टेक्स्ट फाइल अशी अर्धवट तुटली तरी कोणत्याही मशीनवर, कोणत्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येते. मी सगळीकडे सिंकइंटरव्हलसेक, म्हणजे ते ५ मिनिटांचं अंतर, कमी करून ठेवतो आणि सोबत आरसिसलॉग (साध्या टेक्स्टमध्ये लॉग लिहिणारा प्रोग्राम) पण चालू ठेवतो. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, आरसिसलॉग आपोआप येत नाही, आठवणीने टाकावं लागतं. यूपीएसवर सुखाने चालणाऱ्या डेटासेंटरात ज्याने हे डिफॉल्ट ठरवले त्याला रावेर-यावलचा विजेचा फीडर माहीत नाही, आणि त्याचा राग नाही मला, पण डिफॉल्ट ठरवताना आपल्यासारख्याचा विचार टेबलावर असावा एवढं तर वाटणारच ना.

दुसरं एफएसटॅबचं, म्हणजे बूटला कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या फाइलचं. बॅकअपला बाहेरची यूएसबी डिस्क लावलेली, तिची ओळ एफएसटॅबमध्ये. शेठने डिस्क घरी नेली. मध्येच लाईट गेली, आली. जुनं इनिट दोन ओळी कुरकुर करून पुढे जायचं. सिस्टम-डी त्या डिस्कची ९० सेकंद वाट बघतं, स्क्रीनवर स्टार्ट जॉब इज रनिंग म्हणत लाल ठिपके इकडून तिकडे फिरतात, आणि शेवटी इमर्जन्सी मोड, रूटचा (मुख्य ॲडमिनचा) पासवर्ड द्या. काट्यावरच्या पोराकडे रूटचा पासवर्ड कुठून असणार. डेबियन ८ च्या रिलीज नोट्समध्ये हे व्यवस्थित लिहिलेलं होतं, त्या ओळीत नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा) लिहा म्हणून, आणि ते लिहिलं की प्रश्न सुटतो. सिस्टम-डीची बाजू पण मला समजते, सांगितलेली डिस्क नाही म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय, डेटाबेस रिकाम्या फोल्डरवर चालू होण्यापेक्षा थांबलेलं बरं. तर्क बरोबर आहे. पण वर्षानुवर्षं चाललेली वागणूक अशी बदलली की त्याचा फटका रिलीज नोट्स न वाचणाऱ्यालाच बसतो, आणि जिल्ह्यातली नव्वद टक्के मशीनं तशाच माणसांच्या हातात आहेत असं समजून चालायला पाहिजे.

२०१६ मध्ये सिस्टम-डीच्या २३० व्या आवृत्तीत तर त्यांनी लॉगआउट झाल्यावर त्या यूजरच्या सगळ्या प्रोसेस मारायच्या हे डिफॉल्ट केलं, म्हणजे टीमक्स, स्क्रीन, नोहप लावून रात्रभर ठेवलेलं काम पण जाणार. लोक जाम भडकले. डेबियनने स्वतःकडे ते बंद करून ठेवलं आणि विषय तिथे मिटला. डिस्ट्रोचं काम हेच असतं, वरून आलेलं डिफॉल्ट आपल्या लोकांना चालेल का ते बघणं.

डेबियनचं नाव निघालं म्हणून. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांच्या टेक्निकल कमिटीत सिस्टम-डी आणि अपस्टार्ट यांच्यात मतं अर्धी-अर्धी फुटली, अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टम-डी आलं. काही दिवसांत उबंटूने पण आपलं स्वतःचं अपस्टार्ट सोडून देण्याचं जाहीर केलं, १५.०४ मध्ये बदल झाला. पण त्या वर्षीच्या नोव्हेंबरात काय झालं ते जास्त वाईट. जोई हेससारखा जुना माणूस डेबियन सोडून गेला, रस ऑलबेरी, इयान जॅक्सन, कॉलिन वॉटसन कमिटीतून बाहेर पडले, सिस्टम-डीचं पॅकेज सांभाळणाऱ्या टोलेफ हेनने ते काम सोडलं. म्हणजे बघा, दोन्ही बाजूची माणसं थकून गेली. त्याआधी ऑक्टोबरात लेनार्टने लिहिलं होतं की त्याला मारायला सुपारी द्यावी म्हणून लोक बिटकॉइन गोळा करण्याच्या गोष्टी करतात. फुकट सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला हे? त्याचं बोलणं फटकळ असेल, त्याचे डिफॉल्ट चुकले असतील, तरी हे मला आजही सहन होत नाही. कोड आवडला नाही तर फोर्क करा, म्हणजे त्याची प्रत घेऊन आपलं वेगळं चालवा, आणि काही लोकांनी तेच केलं, सिस्टम-डीशिवायचं डेबियन, म्हणजे देवुआन, काढलं, २०१७ मध्ये त्याची १.० आली, ते आजही चालू आहे. विरोध करायची ती रीत झाली.

माझी खरी काळजी पसाऱ्याची आहे. २०१२ मध्ये यूडेव्ह सिस्टम-डीत गेलं, मग लॉगिन-डी, नेटवर्क-डी, रिझॉल्व्ह-डी, टाइमसिंक-डी (लॉगिन, नेटवर्क, साइटची नावं शोधणं, घड्याळ जुळवणं अशी कामं करणारे), यादी लांबतच गेली. हे सगळे वेगवेगळे प्रोग्राम आहेत, सगळं पीआयडी १ च्या पोटात नाही, हे विरोधकांनी पण समजून घ्यायला पाहिजे, आणि टाइमसिंक-डी तर मला फार उपयोगी पडतं, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला स्वतःचं घड्याळ नसतं (पाय ५ सोडून) तर ते शेवटची वेळ डिस्कवर नोंदवून ठेवतं आणि लाईट आल्यावर निदान वेळ मागे जात नाही. पण वरचे प्रोग्राम जेव्हा थेट त्याच्यावर टेकून बसतात तेव्हा निवड संपते. ग्नोम डेस्कटॉपला लॉगिन-डी लागतं, म्हणून सिस्टम-डी नको असलेल्यांना तेवढाच तुकडा वेगळा काढून ई-लॉगिन-डी करावं लागलं, जेंटू डिस्ट्रोवाल्यांनी यूडेव्हचं ई-यूडेव्ह केलं. एवढी मेहनत फक्त दार उघडं ठेवायला.

आणि टेकून बसण्याची किंमत काय असते ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. एक्सझेड या फाइल दाबून छोट्या करणाऱ्या लायब्ररीत कोणीतरी मागचं दार घुसवलं, निशाणा एसएसएच (दुरून मशीनवर लॉगिन करायचा) सर्व्हर. आता एसएसएचचा एक्सझेडशी संबंध काय? काहीच नाही. पण डेबियन, फेडोरासारख्यांनी एसएसएचला लिब-सिस्टम-डी ही सिस्टम-डीची लायब्ररी जोडलेली होती, मी तयार झालो एवढं सिस्टम-डीला कळवण्यासाठी, आणि लिब-सिस्टम-डी सोबत एक्सझेडची लायब्ररी ओढून आणायचं. अँड्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं म्हणून सापडलं, नाहीतर सापडलं नसतं कदाचित. तो निरोप म्हणजे एका सॉकेटवर एक छोटी ओळ पाठवणं, बस. पुढे एसएसएचवाल्यांनी ९.८ आवृत्तीत तो निरोप स्वतःच थोड्या कोडमध्ये पाठवायला सुरुवात केली, लायब्ररीची गरजच नाही. सिस्टम-डीचे लोक त्याआधीच असल्या लायब्ररी गरज पडली तरच लोड करायच्या या कामाला लागले होते हेही खरं, त्यांना चोर म्हणणं अन्याय होईल. पण "इतके तुकडे एकत्र कशाला" असं दहा वर्षं विचारणाऱ्यांचं म्हणणं त्या दिवशी खरं ठरलं, आणि ते मोठ्या मनाने मान्य करायला कोणाचं काही जात नाही.

म्हणून मी लॅबमध्ये पोरांना दोन्ही दाखवतो. आधी व्हॉइड लिनक्सवर रनइट, हे एक छोटं इनिट. एका फोल्डरात रन नावाची दोन ओळींची स्क्रिप्ट, प्रोग्राम पुढेच चालू ठेवायचा, मेला की रनइट परत उठवतं, एवढंच. देखरेख म्हणजे काय ते पोरांना एका तासात कळतं, कारण लपलेलं काहीच नाही. किल मारून बघा म्हणतो, मारतात, परत उठलेलं बघतात, चेहरे बघण्यासारखे असतात. मग अल्पाइनवर ओपनआरसी, तेही इनिटच. आणि मग सिस्टम-डी, तेव्हा बाइंड्सटू, सीग्रुप, सॉकेट यांची गरज का पडली ते त्यांना स्वतःहून विचारता येतं. थेट सिस्टमसीटीएल रीस्टार्ट शिकलेला पोरगा नोकरीला लागतो, पण काही अडलं की परत रीस्टार्टच मारतो, त्याच्यापुढे त्याच्याकडे काही नसतं. हे मी कितीतरी इंटरव्ह्यूत बघितलंय.

२०१९ च्या शेवटी डेबियनने परत मतदान घेतलं, सिस्टम-डीवर लक्ष द्यायचं पण दुसरे पर्याय शोधणाऱ्यांना पण वाव ठेवायचा असा ठराव निघाला. तो ठराव मला पटतो. कागदावर न राहता तो चालावा एवढीच इच्छा, म्हणजे कोणी ओपनआरसीची स्क्रिप्ट पाठवली तर पॅकेजवाल्याने ती घ्यावी.

शेवटी एक कामाचं. २०२३ च्या २५४ व्या आवृत्तीत सिस्टम-डीने जाहीर करून टाकलं की इनिट-डीवाल्या जुन्या स्क्रिप्ट चालवण्याची सोय काढून टाकणार. आपल्या भागात अशा स्क्रिप्ट अजून भरपूर आहेत, काटेवाल्याने दहा वर्षांपूर्वी टाकून दिलेली, चालतेय म्हणून कोणी हात लावलेला नाही. एखाद्या मोठ्या अपग्रेडला त्या मुकाट्याने बंद पडतील, आणि अपग्रेड नेमका कापसाच्या हंगामात कोणीतरी करणार. दसऱ्याच्या आत इनिट-डी फोल्डर उघडून बघा, जे प्रोग्राम पॅकेजमधून आलेले नाहीत त्यांच्या युनिट फाइल लिहून घ्या, रीस्टार्टसेक टाका, बाहेरच्या डिस्कला नोफेल लावा, आणि मग एकदा मेन स्विच पाडून परत चालू करून बघा, कीबोर्डला हात न लावता. कोणाला युनिट फाइल जमत नसेल तर जुनी स्क्रिप्ट मला पाठवा, मी लिहून देतो, पैसे नको.